बसफुगडी

"उकिडव्या बसा. हात छातीशी घ्या. आता कशालाही न धरता उठा."

डॉक्टरांनी हे इतक्या सहज सांगितलं की अक्का लगेच बसलीसुद्धा. बसताना काही अडलं नाही. पुण्यातल्या त्या दवाखान्याची गुळगुळीत फरशी, कोपऱ्यात वजनकाटा, भिंतीवर टोपी घातलेल्या दोन मूत्रपिंडांचं चित्र आणि मधोमध साडीचा घोळ गुडघ्यांत गोळा करून बसलेली माझी मावसबहीण. मग ती उठायला गेली. अंग पुढे झुकलं, मांड्या थरथरल्या, टाचा उचलल्या गेल्या आणि ती परत खाली. दुसऱ्या वेळी उजवा हात आपोआप फरशीकडे गेला. "हात नाही," डॉक्टर म्हणाले. तिसऱ्यांदा तिने प्रयत्नच केला नाही. बसल्या जागी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि हसली.

ते हसू ओशाळवाणं नव्हतं, रडवेलंही नव्हतं. 'आठवतंय ना?' एवढंच त्यात होतं. मला आठवत होतं. रिक्षात बसताना, रात्री जेवणं उरकून ओटा पुसताना आणि पुढे कित्येक महिने ते हसू माझ्या मागे लागलं होतं. कारण या परीक्षेत अक्का आधी एकदा नापास झाली होती. भरल्या घरात, पंचवीस बायकांसमोर. आणि त्या वेळचा निकाल मी जाहीर केला होता.

२०१६ चा श्रावण. सांगलीला भाचीची पहिली मंगळागौर. बाहेर झिमझिम, दारात ओल्या चपलांचा ढीग, आत पत्रीचा हिरवा वास आणि त्यात मिसळलेला मटकीच्या उसळीचा. रात्री अकराच्या पुढे पोरींना जोर चढला. लाट्या बाई लाट्या झालं, किस बाई किस झालं, आणि मग कुणीतरी ओरडलं, "अक्काला बोलवा, बसफुगडी!" आमच्या घराण्यात बसफुगडी म्हणजे अक्का. उकिडवं बसायचं, समोरचीचे हात धरायचे आणि एकेक पाय पुढे फेकत नाचायचं. मांड्यांत इंजिन असल्याशिवाय ते जमत नाही, आणि अक्काच्या मांड्यांत ते होतं. शाळेत असताना समोरच्या तीन-तीन पोरी दमवून ती एकटी हसत उभी राहायची. त्या रात्री ती पदर खोचून पुढे आली, बसली, माझे हात धरले, पहिला पाय टाकला आणि बदकन मागे बसली. मला वाटलं, घसरली. परत बसली. परत तेच. उठायला गेली तर उठता येईना. फरशीवर हात, मग गुडघ्यावर हात, मग माझ्या खांद्यावर. अंगावर अंग टाकून उठली ती. दाजी तेव्हा साखर कारखान्यात नोकरीला होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "दाजींच्या कारखान्याची सगळी साखर तुलाच लागली वाटतं गं!"

काय हसल्या सगळ्या. अक्कासुद्धा हसली. टाळी मागितली मी, तर तिने दिलीही.

आपल्याकडे बाई जाड झाली की त्याला आजार म्हणत नाहीत. 'तब्येत सुधारली' म्हणतात. हा शब्दप्रयोग मी आयुष्यभर वापरला आणि तो किती विचित्र आहे हे मला चाळिशीत कळलं. अंग धरलं, भरलीस, सुटलीस, बाळसं आलं, माणसं मानवली, खात्यापित्या घरची दिसतेस. बारीक होणाऱ्या माणसासाठी आपले शब्द काळजीचे: वाळली, सुकली, खंगली, पार काडी झाली. वजन उतरलं की घरदार विचारतं, बाई, काय होतंय? वजन वाढलं की उत्तर आधीच तयार असतं, सुख. फार तर आळस. त्यात अक्काचा चेहरा गोल झालेला, गाल लालबुंद. 'तेज आलंय' असं मावशी, म्हणजे तिची आईच म्हणायची. चंद्रासारखं मुख ही आपल्याकडे कवींनी बायकांना दिलेली शाबासकी. डॉक्टरांच्या पुस्तकातही तोच चंद्र आहे, फक्त तिथे ते लक्षण आहे, हे आम्हाला कोण सांगणार?

आणि सगळं अंग सुटलं असतं तर गोष्ट वेगळी. अक्काचे हातपाय उलट काटकुळे होत चालले होते. पोट, चेहरा, मानेमागे खांद्यांच्या मधोमध चरबीचा एक उंचवटा, आणि खाली काड्यांसारख्या पोटऱ्या. आता जुने फोटो बघितले की हे इतकं ढळढळीत दिसतं की स्वतःच्या डोळ्यांची शरम वाटते. पण बारकावे दिसले तरी आम्ही प्रत्येकाला एकेक कारण शोधून दिलं होतं. मंगळागौरीला कासारीण आली होती. तिने हिरव्या बांगड्या भरल्या, दाबून दाबून, नेहमीसारख्या. दुसऱ्या दिवशी अक्काचे दोन्ही पंजे काळेनिळे. मावशी म्हणाली, कासारणीचा हात जड. हनुवटीवर राठ केस यायला लागले, तर पाळी जायची वेळ आली असेल. बीपी वाढलं, तर शाळेत नवे मुख्याध्यापक आलेत ना. साखर निघाली, तर तिच्या वडिलांनाही होती. रात्री झोप येईना, तीन-तीन वाजता उठून ती मांडणीवरचे डबे घासायला काढायची, पितळी डबे चिंचेने लखलखीत करून ठेवायची. तर आम्ही म्हणालो, अक्का म्हणजे कामाला वाघ.

पोटावरचे पट्टे मात्र तिने कुणाला दाखवले नव्हते. बाळंतपणात पोटावर येतात ते पांढुरके, रुपेरी. हे जांभळे, बोटभर रुंद, जांभळं खाल्लेला हात पोटाला पुसावा तसे. साडी हे फार सोयीचं वस्त्र आहे. तिच्या निऱ्यांखाली काय काय झाकून राहतं.

खरं सांगायचं तर पहिलं निदान पार्लरमधल्या बाईचं. तिने एकदा अक्काच्या हाताला पट्टी लावून ओढली तर केसांबरोबर कातडीच निघाली. ती घाबरून म्हणाली, "ताई, तुमची कातडी लई पातळ झालीया. कांद्याच्या पापुद्र्यागत. मी नाही आता करायची, आधी डॉक्टरला दाखवा." अक्काने दाखवलं. डॉक्टरांनी मलम दिलं. थायरॉइड तपासलं, ते बरोबर निघालं, आणि मग कागदावर तो जगप्रसिद्ध सल्ला लिहून मिळाला: वजन कमी करा, रोज चाला. अक्का चालायची. आमराईत पहाटे साडेपाचला दोन फेऱ्या. रात्रीची भाकरी सोडली, भात सोडला, चहातली साखर सोडली, पुढे चहाच सोडला. काटा वरच. दाजी एकदा मला फोनवर हळू आवाजात म्हणाले, "चोरून खाते का गं ही?" मी म्हणाले, "खात असेल." हे वाक्य मी अजून अक्काला सांगितलेलं नाही.

एवढ्या सगळ्यातून वाट सापडली ती खोकल्याने. २०१८ च्या डिसेंबरात तिला साधा खोकला झाला आणि एका उबळीत बरगडी मोडली. खोकून. हाडांच्या दवाखान्यात त्या दिवशी मोठे डॉक्टर नव्हते, एक तरुण मुलगी होती, शिकाऊच असावी. तिने एक्स-रे बघितला, अक्काकडे बघितलं आणि विचारलं, "काकू, चार-पाच वर्षांपूर्वीचा एखादा फोटो आहे का तुमच्याजवळ?" अक्काच्या पर्समध्ये शाळेचं जुनं ओळखपत्र होतं. तिने ते शेजारी धरलं, एकदा फोटोकडे, एकदा चेहऱ्याकडे बघितलं. आम्ही इतकी वर्षं फक्त चेहऱ्याकडे बघत होतो. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही म्हणतात, पण आम्ही तर सहा-सहा महिन्यांनी भेटणारे.

तिथून मग पुण्यातले हॉर्मोनचे डॉक्टर. ते आधी तपासणीला लागलेच नाहीत, अर्धा तास नुसते विचारत बसले. सांधेदुखीसाठी कुठली पुडी घेता? दम्याचं औषध? चेहरा उजळायचं क्रीम? गजकर्णाचं मलम? कुठून इंजेक्शन घेतलंय? कारण हे असं रूप होणाऱ्यांत सगळ्यांत जास्त माणसं बाहेरून स्टेरॉइड घेणारी असतात, कधी गरज म्हणून, कधी नकळत. शरीर आतूनच कॉर्टिसॉल, म्हणजे आपलं स्वतःचं स्टेरॉइड, जास्त बनवतंय असे रुग्ण दहा लाखांत वर्षाला बोटांवर मोजण्याइतके. अक्का प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत गेली आणि मला मात्र माझे थोरले काका दिसायला लागले.

काका तासगावकडचे, द्राक्षबागायतदार. गुडघ्यांनी बेजार. आठवडी बाजारात एक माणूस गुलाबी पुड्या विकायला यायचा. पाण्याबरोबर सकाळी एक घ्यायची, बस. काकांना पाचव्या दिवशी उतार पडला. पंधराव्या दिवशी ते काठी टाकून बागेत चालत गेले. वर्षभरात चेहरा असा भरला की गावात म्हणायचे, म्हातारा परत जवान झाला. मग एका बाजाराला तो पुडीवाला आलाच नाही, पुढच्यालाही नाही, आणि दहा-बारा दिवसांत काकांना उलट्या सुरू झाल्या, बीपी लागेना, मिरजेला नेईपर्यंत बोलणं बंद. वाचले. पण पुढे पाठीचे मणके खचले ते खचलेच. त्या पुडीत काय होतं ते कधी कुणी तपासलं नाही. मात्र पुण्याच्या त्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा तो सगळा हिशोब लागला. बाहेरून माल येतोय म्हटल्यावर शरीराचा आपला कारखाना बंद पडतो, आणि मग एक दिवस बाहेरचा पुरवठा तुटला की दोन्हीकडून अंधार.

त्या पुडीला नावं ठेवणं सोपं आहे. पण तिच्यामागचा चमत्कार खोटा नव्हता. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं, आणि जिला अंथरुणात कूस बदलता येत नव्हती ती काही दिवसांत चालत बाजारात फिरून आली. १९५० साली हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन या तिघांना नोबेल मिळालं. पुढे त्याच औषधाने माणसांचे चेहरे सुजायला लागले ही गोष्ट नोबेलपेक्षा कमी प्रसिद्ध आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या लाटेत, आपण सगळ्यांनी त्याची दोन्ही टोकं बघितली. एकीकडे प्राणवायूवर असलेल्यांचा जीव वाचवणारं डेक्सामेथासोन, तेही स्टेरॉइडच, आणि दुसरीकडे व्हॉट्सॲपवरची चिठ्ठी बघून घरी बसल्या गोळ्या खाणारे लोक, वाढलेली साखर, म्युकरमायकोसिसने गेलेले डोळे. अक्का त्या वेळी नात्यातल्या एकेकाला फोन करून विचारायची, डॉक्टरांनी दिलीय की तूच घेतोयस?

तिला ती गोळी ओळखीची होती. तपासणीतच भेट झालेली. रात्री अकराला डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी घ्यायची आणि सकाळी आठला रक्त द्यायचं. धडधाकट माणसाचं डोकं समजतं की माल आलाय, आणि आपलं उत्पादन थांबवतं. सकाळी कॉर्टिसॉल १.८ च्या खाली हवं. अक्काचं १६ निघालं. दाजी कारखान्यातले असल्यामुळे त्यांना हे आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं. म्हणाले, "म्हणजे हंगाम संपल्याचा भोंगा वाजतोय, पण गाळप काही थांबत नाही." डॉक्टरांनी हे वाक्य चक्क लिहून घेतलं.

कॉर्टिसॉल हे वाईट काही नाही, हे मला तिथेच समजलं. ते पहाटेचं हॉर्मोन आहे. कोंबडा आरवायच्या आधी ते अंगात चढायला लागतं, सकाळी आठाच्या सुमाराला भरात असतं, आणि मग दिवसाबरोबर उतरत मध्यरात्री तळाला जातं. म्हणून तर उठवतं आपल्याला, साखर पुरवतं, बीपी धरून ठेवतं. मूत्रपिंडांवरच्या त्या दोन टोप्या, म्हणजे अधिवृक्क ग्रंथी, ते बनवतात. अक्काच्या अंगात मध्यरात्रच होत नव्हती. चोवीस तास सकाळचे आठ. ते लखलखीत पितळी डबे आठवले आणि माझ्या पोटात गोळा आला. वाघ म्हणालो होतो आपण तिला.

मध्यरात्र नाही हे सिद्ध करायला रात्री अकराला कापसाची वळी चघळून थुंकी पाठवायची. आणि चोवीस तासांची लघवी एका पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवायची, तीही गार जागी ठेवून. आमच्या घरात त्या दोन दिवसांत फ्रिज उघडताना सगळे आधी खाकरायचे. कॅनला मी जुन्या ओढणीत गुंडाळून खालच्या कप्प्यात, दुधी भोपळ्याशेजारी ठेवलं होतं. माझ्या मुलाने विचारलं, मावशीने ताक केलंय का? अक्का इतकी हसली की बरगडी परत मोडेल म्हणून मला तिला गप्प करावं लागलं.

दोष टोप्यांचा नव्हता. वरून हुकूम देणाऱ्याचा होता. मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका खोबणीत वाटाण्याएवढी ग्रंथी बसलेली असते. ती खोबण घोड्याच्या खोगिरासारखी दिसते, म्हणून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी तिला तुर्की खोगीर असं नाव दिलं. मराठी पुस्तकात त्या ग्रंथीला पीयूष ग्रंथी म्हणतात. डॉक्टरांनी मराठीत सांगायचं म्हणून तोच शब्द वापरला, आणि आम्हा दोघी बहिणींना एकाच क्षणी दादरला प्यायलेलं श्रीखंड-ताकाचं केशरी पीयूष आठवलं. मेंदूतल्या गाठीविषयी ऐकताना हसू दाबणाऱ्या दोन बायका बघून डॉक्टरांना काय वाटलं असेल कोण जाणे. त्या वाटाण्यात एक बारीक गाठ, चार मिलिमीटरची, ज्वारीच्या दाण्याएवढी. एमआरआयमध्येही ती 'असावी' इतपतच दिसत होती. मग दोन्ही जांघांतून नळ्या घालून थेट त्या ग्रंथीजवळच्या शिरांपर्यंत नेल्या आणि तिथलं रक्त काढून हातातल्या रक्ताशी ताडून बघितलं. हुकूम तिथूनच सुटतोय हे त्यातून पक्कं झालं. एवढ्याशा दाण्याने एका बाईचं हाड, कातडी, झोप, पाळी, चेहरा, सगळं बदलून टाकलं होतं. आणि तिचा स्वभावही. त्या वर्षांतलं तिचं फटकन तोडून बोलणं, मध्येच रडणं. दोन वेळा आम्ही महिना-महिना बोललो नव्हतो. त्यातलं किती दाण्याचं आणि किती अक्काचं, हे मला अजून ठरवता येत नाही. तिलाही नाही. "जी भांडणं मी हरले ती गाठीची धर," असं ती म्हणते.

या दुखण्याला नाव आहे हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदूशल्यविशारदाचं. १९१२ साली त्याने मिनी नावाच्या तेवीस वर्षांच्या एका तरुणीची हकिगत लिहिली: गोल चेहरा, सुटलेलं पोट, जांभळे पट्टे, बंद झालेली पाळी. या सगळ्याचं मूळ त्या वाटाण्यातल्या बारीक गाठीत असतं, हे त्याने सविस्तर मांडलं ते १९३२ मध्ये. मध्ये वीस वर्षं. त्याने आपल्या रुग्णांचे फोटो काढून ठेवले होते, काचेच्या पट्ट्यांवर, आधीचे आणि नंतरचे. येल विद्यापीठात ते अजून जपलेले आहेत. मी त्यांतले काही बघितले, आणि मला त्या बायकांच्या आजारापेक्षा त्यांचे डोळे लक्षात राहिले. कुणीतरी शेवटी नीट बघतंय, पण बघण्यासाठी कपडे उतरवून उभं केलंय, असे ते डोळे. कुशिंग १९३९ मध्ये गेला, तेव्हा शवविच्छेदनात त्याच्या स्वतःच्या मेंदूत एक छोटीशी गाठ सापडली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाठी काढणाऱ्याला तिचा पत्ता नव्हता. मला हे वाचून बरं वाटलं. का वाटलं ते मला कळतं, पण लिहायला नको.

शस्त्रक्रिया २०१९ च्या मार्चमध्ये झाली, नाकातून. डोक्यावर एक टाकाही नाही. आतली फट बुजवायला पोटावरची थोडी चरबी काढून लावली होती. शुद्धीवर आल्यावर हे कळलं तेव्हा नाकात बोळे असलेली अक्का गेंगाण्या आवाजात म्हणाली, "बघ, पोट कामाला आलं." पुढे एका सकाळी डॉक्टर पेढे वाटायला आल्यासारखे आले. रक्तातलं कॉर्टिसॉल एकच्या आसपास घसरलं होतं. गाठ गेल्याची ती खूण. इतकी वर्षं गाठीच्या दमदाटीखाली झोपून गेलेली उरलेली ग्रंथी आता जागी व्हायला महिने लागणार होते, आणि तोवर कॉर्टिसॉल गोळीतून घ्यायचं. सकाळी मोठी, दुपारी लहान.

मला वाटलं, संपलं. ते तर आता सुरू झालं होतं. अंगात सतत ओसंडणारं हे हॉर्मोन अचानक मापात आलं की शरीर दारू सुटलेल्या माणसासारखं करतं. अक्काची हाडं दुखायची, कातडी कोंड्यासारखी सुटायची, केसाळलेली जागा मोकळी व्हायची आणि डोक्यावरचे केसही गळायचे. वजन उतरत होतं, पण ती दुपारी दोन वाजता भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. तीन वाजता उठून डबे घासणारी बाई आता कणीक भिजवून दमायची. एकदा म्हणाली, "आजारी होते तेव्हा मी बरी होते गं." मी म्हणाले, असं काय बोलतेस. ती म्हणाली, "तुला नाही कळायचं. ती माझी रात्र होती. घर झोपलेलं, सगळं हातातलं काम, कुणी बोलवत नाही. ती परत नाही मिळायची."

आणि मग ऑगस्ट. २०१९ चा महापूर सांगलीकरांना सांगायला नको. अक्काचं घर गावभागात. आयर्विन पुलाजवळ पाणी पन्नास फुटांच्या पुढे गेलं त्या दिवशी त्यांच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर कृष्णा होती. वीज नाही, फोन अधूनमधून. गच्चीवर अठरा माणसं, एक म्हैस शेजारच्या पत्र्यावर. अक्काने दागिने घेतले नाहीत, कागदपत्रं घेतली नाहीत. गोळ्यांची पट्टी, एक इंजेक्शन आणि डॉक्टरांचं कार्ड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गाठ मारून ब्लाउजमध्ये ठेवलं. या गोळ्या एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत, ताप आला तर दुप्पट, उलट्या होऊन गोळी पोटात टिकेना तर इंजेक्शन. आपल्या-तुपल्या अंगात संकट आलं की कॉर्टिसॉल आपोआप वाढतं, तिला ते हिशोब करून गिळावं लागत होतं. पूर आलाय, तर किती? डॉक्टरांनी तापाचं सांगितलं होतं, पुराचं नव्हतं. मला नेटवर्क मिळालं तेव्हा तिने पहिलं वाक्य हेच विचारलं, "अगं, भीती ताप धरायची का?" मी पुण्यातून डॉक्टरांना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, दोन दिवस दुप्पट घेऊ दे. तिसऱ्या दिवशी बोटीत बसताना दोघांनी तिला काखेत धरून उचललं. ती म्हणते, त्या वेळी मला फक्त एकच वाटलं, बोटीत चढायला उकिडवं बसावं लागू नये.

हल्ली मोबाईलवर 'कॉर्टिसॉल फेस' म्हणून रील फिरतात. सकाळी गाल सुजले? तुमचं कॉर्टिसॉल वाढलंय, हा काढा प्या, ही पावडर घ्या. माझ्या भाचीने मला तसलं एक पाठवलं. मी तिला मोठा मेसेज लिहिला आणि मग पुसला. ताणाने कॉर्टिसॉल वाढतं हे खरं, पण परीक्षेच्या ताणाने कुणाची बरगडी खोकून मोडत नाही. शिवाय त्या पावडरीत काय असेल या विचाराने मला काकांची गुलाबी पुडी दिसते. मात्र मेसेज पुसला तो वेगळ्याच कारणाने. निदान ही पोरं चेहरा गोल झाला तर 'तेज आलंय' म्हणून थांबत तरी नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर एका लग्नात अक्का आणि मी शेजारी बसलो होतो. तिचं वजन अठरा किलोंनी उतरलंय, गोळ्या पूर्ण बंद झाल्यालाही बरीच वर्षं झाली. आमच्या एका चुलत आत्या तिला निरखून बघत आल्या, हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगं बाई, काय ही दशा! किती वाळलीस. पूर्वी कशी छान भरलेली होतीस." अक्का म्हणाली, "हो ना आत्या, तब्येत बिघडली." आणि ताटातली जिलबी उचलून खाल्ली.

मंगळागौरीचं मी तिला शेवटी विचारलं ते त्या रात्री. तुला राग आला होता का? ती म्हणाली, राग नाही, मी घाबरले होते. पाय मला माझे वाटले नाहीत. सगळ्या हसल्या म्हणून बरं झालं, नाहीतर रडले असते. मग जरा थांबून म्हणाली, "पण कारखान्याचं तू जरा मोठ्यानेच म्हणालीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर ती देवघरासमोर उकिडवी बसली होती, हात छातीशी. रोजचा नेम आहे तो, पूजेआधी. हाडं अजून तपासत राहावी लागतात आणि मांड्या पहिल्यासारख्या भरत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम. मला बघून म्हणाली, "उभी काय राहिलीस, मोज." मी मोजायला लागले. एक. दोन, तोंडाने श्वास सोडत. तीन, थोडं डावीकडे झुकून. चौथ्याला तिची बोटं हळूच फरशीला लागली.

"हा धरू नकोस," ती म्हणाली.

मी तीनच धरले.